मोडक्या रेघेचं अक्षर

पाटीवरचे शब्द पुरते न वाचता, नुसतं अक्षराचं तोंड बघून तुम्ही कधी तिच्यावर विश्वास ठेवलाय का?

नाही म्हणायची घाई करू नका. लांबून येणाऱ्या एसटीची पाटी आपण वाचत नाही. तिचा आकार ओळखीचा दिसतो आणि आपण पिशवी उचलतो. औषधाचं दुकान, रोजच्या चहाचा पुडा, शाळेचं फाटक, यातलं काहीच आपण अक्षर लावून वाचत नाही. ओळख पटली की डोळा पुढं जातो. ज्यांना वाचता येतं त्यांची ही गत आहे. ज्यांना येत नाही त्यांच्याकडं या ओळखीशिवाय दुसरं काय असतं?

मला हे विचारावं लागतंय, कारण आमच्या घरचं एक अक्षर आम्ही एका धंद्यासाठी निवडलं आणि त्याच अक्षरानं आमच्या घरातली एक बाई फसवली गेली. फसवणाऱ्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. नातं मात्र लिहिणार आहे.

केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, ऊसतोड मजुरांच्या संघटनेचं काम करायचे. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. दिवाणाखाली पत्रकं, माळ्यावर पत्रकं, पिठाच्या डब्याखाली घडी करून घातलेली पत्रकं. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर आणि लिहायला शिकले तीही त्यांच्याच पाठकोऱ्या बाजूवर. शाळेत बाई गृहपाठ तपासायच्या तेव्हा कागद उलटून आधी पत्रक वाचायच्या, मग माझं गणित.

संघटनेकडं पैसे नव्हते, भिंती होत्या. त्या रंगवायला अण्णांनी साचे केले होते. दवाखान्यातून आलेल्या जुन्या एक्स-रेच्या फिल्मा ते मजुरांच्या घरून मागून आणायचे. ऊसतोडीच्या घरात त्या असतातच. कुणाचा खांदा, कुणाचा गुडघा. त्या फिल्मेवर अण्णा अक्षर काढायचे आणि ब्लेडनं कापायचे. साचा भिंतीला लावला, काळ्या रंगाचा फडका फिरवला की अक्षर उमटायचं. जाड, चौकोनी, पाय रोवून उभं राहिल्यासारखं. पण साच्याची एक अडचण असते. शिरोरेघ सलग कापली तर 'प'चं पोट गळून खाली पडतं. म्हणून अण्णा प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर रेघ थोडी तोडून जोड ठेवायचे. त्यामुळं त्यांच्या अक्षरांची रेघ मोडकी दिसायची. गावात कुणी त्याला संघटनेचं अक्षर म्हणत नसे. मोडक्या रेघेचं अक्षर म्हणत.

त्यातला 'य' आत्याच्या मनगटातून कापलेला आहे. आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण, आमच्याच गावात दिलेली. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढताना ती घसरली आणि मनगट मोडलं. तिच्या फिल्मेतून अण्णांनी 'कोयता'चा 'य' कापला. साचा उजेडाला धरला की अजून अक्षराच्या कडेला तिचं हाड दिसतं.

आत्याच्या सासरच्या भिंतीवर त्याच साच्यांनी लिहिलेली एक ओळ कितीतरी वर्षं होती. 'बाईची मजुरी बाईच्या हातात.' ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मजूर जमवणारा मुकादम हंगामाआधी आगाऊ उचल देतो ती कोयत्याला देतो, म्हणजे नवऱ्याच्या हातात. बाई तितकाच ऊस तोडते, वर मोळ्या वाहते, भाकरी थापते, आणि हिशोबात तिचं नाव नसतं. त्या ओळीसाठी अण्णांनी मार खाल्लेला मी पाहिला आहे. म्हणून ती ओळ मला देवासारखी होती. पुढं जे झालं ते समजायला हे लक्षात ठेवा.

मनगट पुरतं बसलं नाही. तरी आत्या जात राहिली, आणि एक दिवस म्हणाली, "बास झालं. आता मी जायची न्हाई." मग काय करणार, तर येसर करणार. लग्नाच्या पंगतीत आपल्याकडं येसरीची आमटी लागते. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, मसाले, सगळं वेगवेगळं भाजायचं, मग एकत्र दळायचं. दळायला गिरणी आहे. भाजायला हात लागतो. तो हात आत्याच्या धाकट्या जावेचा होता. मी तिला काकू म्हणते. काकू कढईत बघत नाही, नुसता वास घेते. धने काढायची वेळ झाली की बोलता-बोलता उठते. गावात कुणाचंही लग्न ठरलं की आधी तिला बोलावणं यायचं.

आत्यानं शेजारपाजारच्या आणखी काही बाया जमवल्या. सगळ्या तोडीला जाणाऱ्या. ठरलं असं की औंदा कुणी जायचं नाही. लग्नसराईत येसर पाकिटात भरून विकायची. मांजरसुंब्याच्या ढाब्यांना द्यायची, बाजारात बसायचं, पाहुण्यारावळ्यांच्या लग्नांच्या ऑर्डरी घ्यायच्या. जो तो नवरा म्हणाला, बघू. काकूचा नवराही बघू म्हणाला. ही एक थंडी निभली तर पुढच्या वर्षी कुणाला विचारायला लागणार नव्हतं. आणि निभणं सगळं काकूच्या कढईवर होतं.

पाकिटाचं काम माझ्याकडं आलं. मी लिहिते, मला मोबाइल चालतो, म्हणून. केजमध्ये माझ्या वर्गातल्या एकाचं फ्लेक्सचं दुकान आहे. मी आणि आत्या तिथं गेलो. पाकिटावर नाव एकच ठरलं होतं, येसर. आडनाव नाही, देव नाही, कुणाची आई नाही, कुणाची सून नाही.

त्यानं कॉम्प्युटरवर अक्षरं काढायला सुरुवात केली. "हे बघ, हे वाढदिवसाला जातं. हे निवडीबद्दल अभिनंदनाला. हे जरा शांत हाय, हे श्रद्धांजलीला."

आत्या म्हणाली, "आरं, मेल्यावर खायची न्हाई बाबा येसर."

त्यानं सोनेरी, तिरपं, खाली सावली असलेलं अक्षर लावलं. आत्या मागं सरकली. "हे तर गाडीतून उतरतंय, गॉगल घालून. ह्याला आमटी काय कळती?"

मग नाजूक, वेलांटीला फुलं आलेलं. "हे लगीनपत्रिकेतलं. हे पंगतीत वाढणार न्हाई, जेवायला बसणार."

तो हसून म्हणाला, "आत्या, मग तुमाला पायजे कसं?"

"वाढणारं पायजे. पदर खोचल्यालं."

मी मात्र तेव्हा अक्षराकडं दुसऱ्या नजरेनं बघत होते. ढाब्याच्या गल्ल्यामागं पाकिटं टांगली तर रस्त्यावर थांबलेल्या गाडीतून दिसलं पाहिजे. म्हणजे जाड पाहिजे. पण जाडीतही फरक असतो. काही जाड अक्षरं लांबून नुसता काळा ठिपका दिसतात, कारण त्यांच्या पोटातली जागा बुजलेली असते. 'स'चा आणि 'र'चा फरक उरत नाही. पाकिटाच्या प्लास्टिकवर शाई थोडी पसरते, मग उरलीसुरली पोटंही भरतात. मित्राकडची अक्षरं एक तर शोभेची होती, नाही तर बुजलेली. तेवढ्यात आत्या म्हणाली, "आपल्या अण्णाचं अक्षर हाय की."

मला ते सुचलं नव्हतं. घरातल्या वस्तूचं असंच होतं. संध्याकाळी मी अण्णांना साचे मागितले. त्यांनी माळ्यावरून फिल्मांची पिशवी काढली, एकेक पुसली, आणि मला दिली. म्हणाले, "नीट वापर." मी म्हणाले, नीटच वापरू.

मित्रानं साचे स्कॅन करून अक्षरं कॉम्प्युटरवर आखली. मी म्हणाले सगळी मुळाक्षरं करून ठेव, पुढं लोणची, पापड निघतील. जी अण्णांनी कधी कापली नव्हती ती आम्ही त्यांच्या वळणानं काढली. कडा सरळ करताना तो रेघेतली भोकं बुजवायला लागला. "हे मोडकं दिसतंय. आता कुठं साच्यानं रंगवायचंय? जोड काढून टाकतो."

"ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाली. "तेच तर वळखायचं."

तरी मी हट्ट धरला की निवड बायांनी करायची. माझ्या पत्रकी स्वभावाला अक्षरसुद्धा मतदानानं निवडायचं होतं. मित्राकडून चार-पाच अक्षरांत 'येसर' छापून आणलं आणि कागद रस्त्यापलीकडच्या लिंबाला टांगले. बाया अलीकडं ओट्यावर. दोघी-तिघींना सही येते, एकीला वाचता येतं, काकूला अक्षरओळख नाही. कागदांवर सगळीकडं एकच शब्द आहे हेसुद्धा बऱ्याच जणींना माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

काकूनं लगेच हात केला. "त्यो. मोडक्या रेघंचा."

मी विचारलं, "कावून? त्यावर काय लिहिलंय माहितंय का?"

"काय का लिव्हलेलं असंना. आमच्या भिंतीवरचं हाय त्ये. त्या अक्षरात खोटं लिव्हलेलं मी अजून बघितलं न्हाई."

सगळ्या हसल्या, मीही हसले. आणि मला इतका अभिमान वाटला की मी ते वाक्य त्या आठवड्यात भेटेल त्याला सांगितलं. अण्णांनाही सांगितलं. त्यानंतर ताट उचलताना ते गुणगुणत होते. हे मी मुद्दाम लिहितेय. काकूचं वाक्य त्यांना माहीत होतं.

पाकीट आलं. पांढऱ्यावर काळं, लाल पट्टी, आणि मोडक्या रेघेचं 'येसर'. मांजरसुंब्याच्या एका ढाबेवाल्यानं पहिली माळ टांगली आणि रस्त्यापलीकडं जाऊन बघून आला. म्हणाला, "हितनं दिसतंय, तिथनं बी दिसतंय. लई रागीट हाय पण तुमचं अक्षर." आत्या म्हणाली, "आमटी बी हाय." कडा गावच्या पाहुण्यांनी एका लग्नाची सगळी येसर आमच्याकडं सांगितली. काकू सकाळी चूल पेटवायची ती उन्हं डोक्यावर येईपर्यंत. तिच्या पातळाला, केसांना, मोबाइललासुद्धा धन्याचा वास.

दसरा जवळ आला. मुकादमांच्या गाड्या गावात फिरायला लागल्या. आमच्या बाया ओट्यावर बसून पाकिटं भरत होत्या आणि गाडी गेली की एकमेकींकडं बघून हसत होत्या.

मी माल द्यायला मांजरसुंब्याला गेले होते. चौकात गाडीतून उतरले आणि समोर आमचं अक्षर दिसलं. क्षणभर मला आनंद झाला. खरंच झाला. वाटलं, ढाबेवाल्यानं आमच्या येसरीचा फ्लेक्स लावला. मग वाचलं.

'कोयते पाहिजेत.'

जाड, चौकोनी, पाय रोवून उभं. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर रेघ मोडलेली. 'य' आत्याच्या मनगटाचा. खाली दुसरी ओळ, 'घामाला मान, कष्टाला दाम.' तिचं वळण अण्णांच्या पत्रकातलं वाटलं, पण मी ते बाजूला सारलं. उरलेल्या अर्ध्या फ्लेक्सवर मुकादमाचा फोटो, हात जोडलेला. आणि सगळ्यात खाली, कडेला चिकटून, दुसऱ्याच बारीक अक्षरात, 'उचल व हिशोब जोडीचा एकत्र, पुरुषाच्या नावे.'

ज्या अक्षरात आम्ही बाईची मजुरी मागितली, त्याच अक्षराच्या पायाशी हे.

मी माल टाकून तशीच केजला मित्राच्या दुकानात गेले. तो कुणाला तरी म्हणत होता, "फोटो मोठा कर बे, भाऊचा कान कापला जातोय." मला बघितल्यावर त्यानं माऊस सोडला.

"किती घेतले?" मी म्हणाले. "आमचं अक्षर इकायचं किती घेतले?"

"मी इकलं न्हाई."

"मग ते चौकात चालत गेलं का?"

"तुझे अण्णा आलते," तो म्हणाला. "मुकादमाच्या गाडीत. तू बसतीस त्याच खुर्चीवर बसलते. मी म्हणलं, पोरीला इचारता का एकदा. तर म्हणले, तिला काय इचारायचं, अक्षर माझं हाय. मजकूर बी त्यांनीच सांगितला, खालची बारीक ओळ तेवढी मुकादमानं. मी टाइप केला."

मी त्याला खोटारडा म्हणाले. त्यानं मोबाइल काढून दाखवला. फ्लेक्स छापून आला तेव्हाचा फोटो. दुकानाच्या दारात मुकादम आणि शेजारी अण्णा, अंगात इस्त्रीचा सदरा. इतक्या ताठ मानेनं उभे राहिलेले अण्णा मी पुष्कळ दिवसांत पाहिले नव्हते.

घरी आले तेव्हा ते ओसरीत रेडिओचे सेल बदलत होते.

"मांजरसुंब्याची पाटी तुमी दिली?"

"दिली."

"मुकादमाला?"

"त्यो काय परका हाय? माझ्यासंगं भिंती रंगवल्यात त्यानं. चुन्याची बादली धरायचा."

"आता माणसं धरतोय."

"अक्षर काय कुणाच्या मालकीचं असतंय?"

"दुकानात तर म्हणलात, अक्षर माझं हाय."

त्यांनी सेल घातले, रेडिओ लावला, बंद केला. मग माझ्याकडं न बघता बोलायला लागले. "किती वर्षं झाली, मला कुणी म्हणलं का, अण्णा, एक पत्रक लिव्हून द्या? संघटना मोडली. पोरं मोबाइलवर लिव्हत्यात. तू बी लिव्हतीस. तू मला अक्षर मागितलंस, मजकूर न्हाई मागितलास. त्यो आला, समोर बसला, म्हणला, अण्णा, तुमच्यासारखा मजकूर जिल्ह्यात कुणाला जमत न्हाई."

"आन बाईच्या मजुरीची ओळ? ती कुठं गेली त्या मजकुरातनं?"

"मी सांगितली होती टाकायला. त्यो म्हणला, जागा उरली तर टाकू."

"उरली न्हाई?"

त्यांनी रेडिओ पुन्हा लावला. जागेवर मुकादमाचा फोटो होता, तो त्यांनीही पाहिला होता.

मला त्यांचं म्हणणं कळत नाही असं नाही. मी त्यांना मजकूर मागितला नाही, हे खरं आहे. येसरीच्या पाकिटाला पत्रकाचा मजकूर कशाला लागतो? पण ज्याला कुणी विचारत नाही तो माणूस उपाशी असतो, हेही मला कळतं. मला न कळणारी गोष्ट वेगळी आहे. त्या ओळीसाठी ज्यांनी मार खाल्ला त्यांनी ती जागा उरण्यावर सोडली. शत्रूनं पुसली असती तर मी पुन्हा रंगवली असती. अण्णांनी लिहायचीच सोडली, ती मी कुठल्या भिंतीवर शोधू?

ते सगळं तिथंच थांबलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. बाप-लेकीचं भांडण घरात राहिलं असतं. पण मी आत्याकडं गेले तर ओट्यावर पाकिटं तशीच पडलेली आणि चूल गार. काकू बोचकं बांधत होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता, हे सांगताना मला अजून जड जातं.

"औंदा जाऊन येते," ती मला म्हणाली. "पर ह्या बारीला निराळं हाय. अण्णाची टोळी हाय."

"कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय? ह्यांच्या गाडीवर बसून बाजाराला गेलते, तवा बघितली पाटी. मोडक्या रेघंची. ह्यांनी म्हणलं जायाचं का, तर मीच म्हणलं व्हय. न्हाईतर मी कशाला जाती? म्हणलं, भिंतीवर होतं तसं आसंल. बाईचं बाईच्या हातात. चार म्हैने माझं माझ्या हातात आलं तर मोठी कढई घिऊ."

उचल तिच्या नवऱ्यानं घेतली होती. घरात आली तशी निम्मी खर्चूनही झाली होती. उचल घेतली की जोडीनं जायचं. त्यात बाईनं मागं राहायची सोय नसते.

मी तिला फ्लेक्स वाचून दाखवला. मोबाइलवर फोटो काढला होता तो मोठा केला आणि खालची बारीक ओळ बोट ठेवून वाचली. तिनं पुन्हा वाचायला लावली. मग बोचक्याची गाठ घातली, सोडली, आणि पुन्हा घातली.

"हे अण्णानं लिव्हलं?" तिनं विचारलं.

"ही ओळ न्हाई. वरची लिव्हली."

"मग वरची तरी कावून लिव्हली?"

आत्या दाराशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं, आणि पहिल्यांदा मी तिला भावाला शिवी देताना ऐकलं. मग ती आत गेली आणि काकूला बरोबर न्यायला येसरीचं एक पाकीट आणून बोचक्यात खोचलं.

गाडी गेली तेव्हा अण्णा घराबाहेर पडले नाहीत.

कड्याच्या लग्नाची भाजणी आत्यानं स्वतः केली. पहिला घाणा करपला. दुसऱ्याला धने कच्चे राहिले. लग्नाला गेली ती येसर बरी होती, चांगली नव्हती. पाहुण्यांनी तोंडावर काही म्हटलं नाही, पुढच्या लग्नाची ऑर्डर मात्र आली नाही. आणखी दोघींनी उचल घेतली. राहिलेल्या बाया आता आत्याच्या मनगटाला सांभाळून कढई हलवतात. काकूला विचारून विचारून फोनवर भाजणी शिकतात. फोनवर वास जात नाही, ही अडचण आहे.

मी आत्याला म्हणाले, अक्षर बदलू. दुकानात शेकडो आहेत. ज्या अक्षरानं घात केला ते पाकिटावर कशाला? तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच साचा चोरलाय.

"त्यानं दिलं म्हणून मी टाकू? ते त्याच्या एकट्याचं कवा होतं? हाड माझं हाय त्यात." मग म्हणाली, "मागच्या बाजूला काय हाय?"

मागच्या बाजूला कृती होती, बारीक अक्षरात.

"ती काढ. आमटी बायांना येती. आपल्या भिंतीवरची वळ घाल तिथं."

मित्र म्हणाला, हे अक्षर बारीक केलं तर पोटं बुजतील, रेघेतले जोड दिसणार नाहीत. म्हणून ओळ मोठीच घालावी लागली. पाकिटाची सगळी मागची बाजू तिनंच भरली आहे. जागा उरलेली नाही. छपाईचे पैसे त्यानं घेतले नाहीत, तेव्हा आत्यानं त्याला पैसेही दिले आणि येसरही दिली. म्हणाली, "फुकटचं काम अण्णाकडनं शिकलास व्हय?"

ती पाकिटं मी अण्णांसमोर ठेवली. त्यांनी ओळ वाचली, चष्मा काढला, पुसला. "'मजुरी'चा उकार जरा खाली उतरलाय," एवढंच म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. मी तो दुरुस्त करून घेतला. त्यापलीकडं आम्ही दोघं लाइट कधी येणार आणि पाणी भरलं का, एवढंच बोलतो. लोक मला म्हणतात, म्हातारं माणूस आहे, सोडून दे. मी सोडलेलं नाही. ज्या माणसानं मला वाचायला शिकवलं त्याच्याकडून मी शब्दाचा हिशोब मागणारच.

परवा काकूचा फोन आला. तिकडं लांब उसाच्या फडावर राहायला पाचटाच्या कोप्या घातल्यात. मुकादमानं कोप्यांवर टाकायला जुने फ्लेक्स वाटले आणि तिच्या वाट्याला तसलाच एक आला.

"निजून वर बघितलं की अण्णाचं अक्षर," ती म्हणाली. "उजेड आला की आतनं उलटं दिसतंय. मला सुलटं वाचाया येत न्हाई, आता उलटं कुठं वाचू?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर खोकला येईपर्यंत हसली. मग विचारलं, "चौकातली पाटी उतरवली का ग?"

मी म्हणाले, ती उतरली, दुसरी लागली. दुसऱ्या कुणाची तरी, पण अक्षर आपलंच. एकानं वापरलं की सगळे मागतात.

"मग तिथं कुणी उभं ऱ्हायलं तर त्याला वाचून दाखवायला सांग कुणाला तरी," ती म्हणाली. "खालचं बी. मला कुणी तरी दाखवलं असतं तर."

ते सांगणं मी तुमच्यापर्यंत आणतेय. फ्लेक्स फाडू नका, फाडला की नवा लागतो. तुमच्या चौकात, बाजारात, स्टँडवर ठळक अक्षरांची पाटी लागली असेल आणि एखादी बाई तिच्यासमोर थांबून वर बघत असेल, तर तुम्हीही थांबा. तिला विचारा, मावशी, वाचून दाखवू का? आणि मोठ्यानं वाचा. वरचं वाचा, आणि वाकून सगळ्यात खालची बारीक ओळही वाचा, तिला पुरती कळेपर्यंत.